डी अँड डीची नऊ खान्यांची अलाइनमेंट: लांबलेल्या कॅम्पेननंतरचा अनुभव

डी अँड डी म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून आपापलं कॅरेक्टर (पात्र) वठवण्याचा खेळ. अलाइनमेंट म्हणजे त्या कॅरेक्टरचा नैतिक कल: एकीकडे लॉफुल (नियम पाळणारा), न्यूट्रल (मधला) की केऑटिक (स्वैर), दुसरीकडे गुड (चांगला), न्यूट्रल की ईव्हिल (दुष्ट). तीन गुणिले तीन, नऊ खाने. नियम पाचव्या आवृत्तीचे (२०१४), कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी एकच गोष्ट) कित्येक महिने चाललेली. मत आधीच सांगतो: अलाइनमेंट कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) पेन्सिलने लिहिली तर उपयोगाची, पेनाने लिहिली तर भांडणाचं मूळ.

सगळे केऑटिक ईव्हिलला घाबरतात. खरा उपद्रव केऑटिक न्यूट्रलचा. ईव्हिल घेणाऱ्याला निदान ठाऊक असतं की टेबल आपल्यावर नजर ठेवून आहे. केऑटिक न्यूट्रलवाला सोबत्याचा खिसा कापतो, वाटाघाटी चालू असताना बाण सोडतो आणि वर म्हणतो, "माझं कॅरेक्टर असंच वागणार!" नियमपुस्तकातला केऑटिक न्यूट्रल स्वतःच्या लहरीने चालतो आणि स्वातंत्र्याला सर्वांत वर मानतो, बस. रात्रीचा पहारा ज्यांच्या भरवशावर सोडायचा त्यांनाच लुटणं, ही लहर नव्हे, मूर्खपणा आहे.

यावर दोन नियम लागू पडले. कृतीआधी डीएमने (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरने) विचारायचं, "यातून तुझ्या कॅरेक्टरला काय हवंय?" उत्तर नसेल तर फासा नाही, म्हणजे ती कृतीच नाही. आणि सोबत्यावर चोरी किंवा हल्ला झाला, तर तो यशस्वी झाला की नाही हे ज्याच्यावर झाला तो खेळाडू ठरवतो. दुसऱ्या नियमानंतर खिसेकापूपणा आपोआप थंडावतो.

लॉफुल गुडचा गैरवापर वेगळा: पॅलाडिन (शपथबद्ध धर्मयोद्धा) फौजदार होतो. ही सवय जुन्या नियमांची. साडेतीन (३.५) आवृत्तीत 'डिटेक्ट ईव्हिल' ही दुष्टता ओळखायची जादू पॅलाडिनला हवं तेव्हा वापरता येई आणि कमी लेव्हलचा (अनुभवाच्या खालच्या पायरीवरचा) दुष्ट माणूसही त्यात अंधूक दिसे. मग गुन्हा न विचारताच तलवार बाहेर. पाचव्या आवृत्तीतलं 'डिटेक्ट ईव्हिल अँड गुड' अलाइनमेंट दाखवतच नाही. ३० फुटांच्या आत फींड (सैतानी), अनडेड (मेल्यावरही वावरणारे), सेलेस्टियल (स्वर्गीय) अशा जातींचे जीव आहेत का, हे कळतं. स्पेलचा (जादूचा) मजकूर टेबलावर मोठ्याने वाचा, निम्मे वाद तिथेच मिटतात.

ट्रू न्यूट्रलचा (दोन्हीकडे न्यूट्रल असलेल्याचा) 'समतोल' तर विचारूच नका. जुन्या 'ॲडव्हान्स्ड' डी अँड डीच्या दुसऱ्या आवृत्तीतलं उदाहरणच असं की नॉल (तरसासारखे दुष्ट प्राणी) हरायला आले की त्यांच्याशी लढणारा ड्रुइड (निसर्गपूजक जादूगार) त्यांच्याच बाजूला जाऊ शकतो. असा सोबती कोणाला हवा?

डीएमही निर्दोष नसतात. "तू गुड आहेस, हे करू शकत नाहीस" हे वाक्य बंद करा. पहिल्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत अलाइनमेंट बदलली की लेव्हल जायची. आता तसा दंड नाही. एका कृत्यावर खाना बदलू नका, लेव्हल वाढताना मागच्या वागण्याकडे बघून बदला.

खान्याशेजारी दोन ओळी लिहून घ्या: कॅरेक्टर काय करणारच आणि काय कधीच करणार नाही. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने २०२३च्या रीमास्टरमध्ये (सुधारित नियमपुस्तकांत) अलाइनमेंट काढून याच धर्तीवर काम भागवलं. ईव्हिल हवंच असेल, तर या गटाशी दगा न करण्याचं कारण सेशन झिरोलाच (खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीतच) मागा. नवख्या खेळाडूंना तो खाना तिसऱ्या सेशनपर्यंत कोरा ठेवू द्या.