भोक पटकथेत की पडद्यात? टॉकीज, टीव्ही, ओटीटी आणि ‘एंडिंग एक्सप्लेन्ड’चं परीक्षण

चित्रपट सुटला की टॉकीजबाहेरच्या चहाच्या गाड्यावर ठरलेला प्रश्न येतो, “पण त्याला पत्ता कळला कसा?” आणि ठरलेलं उत्तर, “लॉजिक नाही रे, सोड.” कधी कधी खरंच लॉजिक नसतं. पण निम्म्या वेळा लेखकाने धागा नीट ओवलेला असतो आणि तो वाटेत तुटतो. चॅनेलने कापलेला असतो, डबिंगमध्ये बदललेला असतो, टीव्हीच्या चुकीच्या सेटिंगमुळे चौकटीबाहेर गेलेला असतो, नाहीतर नुसता ऐकू आलेला नसतो. म्हणून हे परीक्षण चित्रपटांचं नाही, ते आपल्यापर्यंत आणणाऱ्या सेवांचं आहे. कसोटी एकच: लूपहोल, म्हणजे गोष्टीतलं भोक, सापडला असं वाटलं, तर तो खरा की खोटा हे तिथल्या तिथे तपासता येतं का?

उदाहरण आपल्याच सोलापूर जिल्ह्यातलं. ‘सैराट’ (२०१६) बघून आजही विचारलं जातं, आर्चीच्या भावाला, प्रिन्सला, तिचं हैदराबादचं घर सापडलं कसं? उत्तर चित्रपटातच आहे. आर्ची आईला फोन करते, लेकराचा आवाज ऐकवते. त्यानंतर माहेरची माणसं आहेर घेऊन दारात येतात. मधली पायरी दिग्दर्शक बोलून दाखवत नाही, ती आपण जोडायची. तो फोन ज्याने पाहिला नाही किंवा त्या वेळी जो पाणी प्यायला उठला, त्याच्यासाठी मात्र भलं मोठं भोक.

टीव्हीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त खोटे लूपहोल तिथेच जन्मतात. केबल टीव्हीच्या नियमांनुसार तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिरातींना देता येतात, १० बाहेरच्या आणि २ चॅनेलच्या स्वतःच्या. म्हणजे चित्रपटाच्या वाट्याला ४८. ‘सैराट’ १७४ मिनिटांचा. नियमातल्या सगळ्या जाहिराती लावून तो अख्खा दाखवायचा, तर जवळजवळ ३ तास ३८ मिनिटांचा स्लॉट हवा. कार्यक्रमपत्रिकेत तीनच तास दिसले, तर अर्धा तास गेला असं धरून चाला. गाणी आधी जातात, त्याबद्दल फारशी तक्रार नसते. त्यानंतर जातात ती ‘उगाच’ वाटणारी वीस-तीस सेकंदांची दृश्यं: कुणी ड्रॉवरमध्ये काही ठेवतो, कुणी दारातून वळून बघतो, कुणी फोन लावतो. गोष्ट जोडणारे टाके नेमके तेच असतात. शिवाय ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट टीव्हीवर दाखवता येत नाही. निर्माता तो कापून पुन्हा सेन्सॉरकडे नेतो आणि ‘यूए’ घेतो. अशा प्रतीत एखादं पात्र मध्येच नाहीसं झालं, तर पटकथेला शिव्या देण्याआधी प्रमाणपत्र बघा.

प्रमाणपत्र कसं वाचायचं? ओटीटीवर किंवा डिस्कवर सुरुवातीला ते दिसलं की पॉज करा. त्यावर चित्रपटाची लांबी असते. ती आपल्या प्रतीच्या लांबीशी ताडून बघा. प्रमाणपत्रावर त्रिकोणाची खूण असेल, तर चित्रपट काही काटछाट करून मंजूर झालेला आहे. इथे एक गफलत नेहमी होते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, तर आपल्याकडच्या टीव्हीची आणि अनेक जुन्या डीव्हीडींची पद्धत २५ फ्रेमची. त्यामुळे अनेक प्रतींमध्ये चित्रपट ४ टक्के भरभर पळतो आणि १७४ मिनिटांचे १६७ होतात. सात मिनिटं कमी भरली म्हणून कात्री लागली असं नाही, सगळे आवाज थोडे चढे लागतात एवढंच. फरक ४ टक्क्यांच्या वर गेला, तर मात्र पाणी कुठेतरी मुरतंय.

कात्रीमुळे कोडं कसं तयार होतं, याचा नमुना म्हणजे ‘शोले’ (१९७५). शेवटी पोलीस इतक्या ऐनवेळी कसे टपकतात? मुळात चित्रित झालेल्या शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. आणीबाणीतल्या सेन्सॉरला कायदा हातात घेणं पसंत नव्हतं, म्हणून नवा शेवट चित्रित करावा लागला. ते पोलीस रामगढजवळच्या ठाण्यातून नाही, सेन्सॉरच्या कचेरीतून आले होते. २०२५ मध्ये दुरुस्त केलेली प्रत मूळ शेवटासह दाखवली गेली. तिच्यात हा प्रश्नच उरत नाही.

टीव्हीला पाचपैकी एक. तोही घरातली सगळी माणसं एकत्र बसतात म्हणून.

ओटीटीला चार, पण आल्या आल्या मिळतात तसे नाहीत, सेटिंग बदलल्यावर. पहिली गोष्ट आवाज. चित्रपटातले संवाद ५.१ ध्वनीमध्ये (पाच स्पीकर आणि एक बूफर) मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. घरच्या टीव्हीला दोनच स्पीकर. सहा वाटांचा आवाज दोनांत कोंबताना पार्श्वसंगीत दणदणतं आणि संवाद गिळले जातात. मग “तो कुजबुजत काय म्हणाला?” हा प्रश्न रात्रीत ‘लूपहोल’ होतो. उपाय फुकट आहे. ॲपच्या ऑडिओ यादीत ५.१ न लिहिलेला ट्रॅक असेल तर तो निवडा. नसेल, तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये संवाद उठावदार करणारा ‘क्लिअर व्हॉइस’सारखा पर्याय असल्यास तो चालू करा. साउंडबार घ्यायचा असेल, तर खोक्यावरचा आकडा बघा: २.१ म्हणजे मधला स्पीकर नाही, ३.१ म्हणजे आहे. संवादांसाठी मोठ्या बूफरपेक्षा तो ‘३’ महत्त्वाचा. दुकानदार बूफरच वाजवून दाखवेल, दाखवू द्या.

दुसरं चित्र. रुंद पडद्याचा चित्रपट २.३९ ला १ या प्रमाणात असतो, टीव्ही १.७८ ला १. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात म्हणून कुणीतरी रिमोटवरून ‘झूम’ करतं आणि रुंदीतला जवळपास चौथा हिस्सा कापला जातो. कडेला उभा असलेला साक्षीदार, टेबलाच्या टोकावरची किल्ली, सगळं बाहेर. काळ्या पट्ट्या राहू द्या, त्यांचे पैसे लागत नाहीत. सेट-टॉप बॉक्स किंवा स्टिक एचडीएमआयला जोडली असेल, तर ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ अशा नावाचा पर्याय चालू करा. तो बंद असला की काही टीव्ही चारही कडांची चिंधी स्वतःहून खातात.

तिसरं इंटरनेट. एचडीला तासाला साधारण ३ जीबी धरा. तीन तासांचा चित्रपट म्हणजे ८-९ जीबी. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हॉटस्पॉट लावून बसलात, तर पॅक पहिल्या तासातच संपतो, वेग पडतो आणि चित्र आपोआप पुसट होतं. नायकाच्या फोनवरचा मेसेज, पेपरमधली तारीख, गाडीची नंबर प्लेट यातलं काहीच वाचता येत नाही. नेटफ्लिक्सचा फक्त मोबाइलपुरता असलेला स्वस्त प्लॅन ४८० पी, म्हणजे एचडीपेक्षा पुसट चित्र देतो. तो प्रवासात विरंगुळ्याला ठीक, तपासाला नाही. घरी वाय-फाय असेल, तर आधी पूर्ण डाउनलोड करून बघणं सगळ्यात खात्रीचं.

सबटायटल लावाच, भाषा येत असली तरी. त्यात दोन प्रकार असतात. साध्यात फक्त संवाद. कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच्या ‘सीसी’मध्ये फोन वाजला, दार लागलं, पडद्याबाहेरून कोण बोललं तेही लिहिलेलं असतं. तपासाला सीसी उत्तम. पण रहस्यपट पहिल्यांदा बघताना तो बंद ठेवा, कारण अंधारातल्या आवाजाचं नाव तो कधी कधी सरळ छापून मोकळा होतो.

प्राइम व्हिडिओमधलं एक्स-रे या कामासाठी खास आहे. पॉज केलं की त्या दृश्यातल्या कलाकारांची नावं येतात. “हा माणूस आधी कुठे दिसला होता?” याचा निकाल तिथेच लागतो. सगळ्याच चित्रपटांना ते नसतं. नेटफ्लिक्सवर वेग अर्ध्यापर्यंत कमी करता येतो, घाईत निसटलेल्या नजरेसाठी ते पुरतं. आणि बहुतेक ॲपमधलं ‘पुढचा भाग आपोआप सुरू’ हे सेटिंग बंद करा. नाहीतर शेवटची नावं सुरू होताच चित्र कोपऱ्यात आकसतं आणि नावांनंतरचं छोटं दृश्य हातचं जातं.

आता तपासाची रीत. वहीत तीन रकाने आखा: वेळ, कुणाला काय कळलं, कसं कळलं. दुसऱ्यांदा बघताना फक्त एवढंच लिहायचं. बहुतेक कोड्यांतला तिसरा रकाना पहिल्या वीस मिनिटांतच भरतो, कारण लेखक सामान आधी मांडून ठेवतो. दोनदा बघूनही तो रिकामा राहिला, तर भोक खरं. मात्र पात्र मूर्खासारखं वागलं हा लूपहोल नव्हे, माणसं वागतात. एका शॉटमध्ये बाही दुमडलेली आणि पुढच्यात सरळ, हीदेखील कंटिन्युइटीची चूक, गोष्टीची नव्हे. एकच दृश्य वेगवेगळ्या दिवशी तुकड्यातुकड्याने चित्रित होतं, तिथे ती होते. गोष्टीने स्वतःच घातलेला नियम गोष्टीनेच मोडला की भोक. दरीत मोबाइलला रेंज नाही म्हणून तासभर रडवलं आणि शेवटी त्याच दरीत फोन लागला, तर बिनधास्त बोंबला.

डबिंगचा मुद्दा सोलापुरात वेगळा सांगायला हवा, कारण शहराच्या तेलुगू भाषकांच्या पूर्व भागात तेलुगू चित्रपट मुळातून बघणारं घर आणि तोच हिंदीत बघणारं घर शेजारी शेजारी असतात. डबिंगमध्ये ओठांच्या हालचालीत वाक्य बसवायचं असतं, त्यामुळे आशय छाटला जातो. नात्यांचे शब्द तर हमखास बिघडतात. तेलुगूतला ‘बावा’ म्हणजे बहिणीचा नवराही आणि आत्याचा किंवा मामाचा मुलगाही, ज्याच्याशी लग्न जमू शकतं. हिंदीत त्याचा ‘जीजाजी’ झाला, की नायिका जीजाजींच्या प्रेमात का, असा प्रश्न पडणारच. मामाच्या मुलीशी सोयरीक आपल्याकडेही होते, त्यामुळे सोलापुरी प्रेक्षकाला नातं सांगितलं की पुरतं, पण सांगायला हवं. मूळ ऑडिओ आणि खाली सबटायटल, हा हिंदी डबपेक्षा केव्हाही बरा मार्ग. सबटायटलही अडलं, तर साखर पेठेतला किंवा विडी घरकुलमधला तेलुगू मित्र गाठा. कुठल्याही ॲपपेक्षा तो वेगवान आहे आणि त्याला डेटा लागत नाही.

टॉकीजला तीन. जमेच्या बाजूला मंजूर झालेली पूर्ण लांबी, न कापलेली चौकट आणि फोन खिशात (निदान असावा). उणे बाजूला मागे जायची सोय नाही. पडद्यावरच्या उजेडाचं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट (हे उजेड मोजायचं एकक) ठरलेलं आहे. दिवा जुना झाला आणि बदलला नाही की ते घसरतं आणि रात्रीच्या दृश्यांत कोण कुणाला भोसकतो तेच कळत नाही. पटकथेवर त्याचा राग काढू नका. तेलुगू हिरोच्या एन्ट्रीला पहिल्या दिवशी पहिल्या शोमध्ये जी शिट्टी-कागद-आरडाओरड होते, तिच्याखाली पुढची दोन-तीन मिनिटं संवाद गाडले जातात. ती मजा हवी असेल तर पहिला दिवस, गोष्ट हवी असेल तर सोमवारचा दुपारचा खेळ.

मुद्दाम सोडलेला प्रश्न टॉकीजमध्येच शोभतो. कट्टप्पाने बाहुबलीला का मारलं, हे जुलै २०१५ ला सोडलं आणि उत्तर एप्रिल २०१७ ला दिलं. याला लूपहोल म्हणत नाहीत, याला पुढचं तिकीट म्हणतात.

‘एंडिंग एक्सप्लेन्ड’, म्हणजे शेवट समजावून सांगणाऱ्या व्हिडिओंना दीड. दहापैकी सहा-सात मिनिटं आपण नुकतीच पाहिलेली गोष्ट परत ऐकवायची, पात्रांची नावं चुकवायची आणि शेवटी “तुम्हाला काय वाटतं, कमेंट करा” म्हणून सुटायचं, हा ठरलेला साचा. चांगला ओळखायची खूण सोपी: तो नेमकी वेळ सांगतो का? “एक तास बारा मिनिटांनी आरशात बघा” म्हणणारा ठेवा, “दिग्दर्शकाला इथे नियती सुचवायची आहे” म्हणणारा सोडा. चित्रपट प्रदर्शित व्हायच्या सकाळीच व्हिडिओ आला, तर तो न बघितलेलाच बरा.

रोजच्या मराठी मालिकांना हे निकष लावू नयेत. तिथे कलाकार मालिका सोडतो म्हणून काका गावाला जातात आणि चेहरा बदलून परत येतात. कारण पटकथेत शोधून सापडणार नाही.

राहता राहिली ‘शोले’मधली टाकी, वीरू चढतो ती. गावात कंदील, मग टाकीत पाणी चढतं कसं? याला ओटीटी नको, मोहोळ-बार्शीकडचा जुना शेतकरी पुरे. विजेच्या तारा पोचायच्या आधी विहिरींवर डिझेल इंजिनं होती. पाच एचपीच्या इंजिनाला चाळीस-पन्नास फूट पाणी चढवणं जड नाही. म्हणजे भोक नाहीच. आता त्या इंजिनाची फटफट चित्रपटात ऐकली असं सांगणारा मात्र अजून भेटायचाय, ५.१ वरही आणि दोन स्पीकरवरही.