अब्राहम फ्रॉन्स वाचायचा, तर आधी कोणतं पुस्तक?

इंग्रजी हेक्झामीटर (सहा गणांच्या ओळीचा प्राचीन ग्रीक-लॅटिन छंद) लिहिणारा मूर्ख, असा शेरा नाटककार बेन जॉन्सनने सोळाव्या शतकातल्या अब्राहम फ्रॉन्स या इंग्रज कवीवर मारला आणि तोच पुढे त्याला चिकटला. श्रूजबरीचा हा मुलगा केंब्रिजला शिकला, लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेत कायदा शिकून 1588 मध्ये वकील झाला. कवी फिलिप सिडनीच्या घराण्याचा त्याला आश्रय होता. बहुतेक वाचक त्याच्या कवितेपासून सुरुवात करतात आणि तिथेच कंटाळतात. माझं मत उलटं आहे: आधी ‘द लॉयर्स लॉजिक’ (1588) घ्या.

हे वकिलांसाठी लिहिलेलं तर्कशास्त्र. पद्धत फ्रेंच तर्कशास्त्री पेत्रुस रामुसची, पण उदाहरणं कुठली? एकीकडे कायद्याच्या अहवालांतले खटले, दुसरीकडे कवी एडमंड स्पेन्सरच्या ‘शेफर्ड्स कॅलेंडर’मधले मेंढपाळ! शेवटी तर व्हर्जिलचं एक गोपकाव्य आणि कायदेपंडित प्लाउडनच्या खटल्यांच्या अहवालातला अर्ल ऑफ नॉर्थम्बरलंडचा खटला, दोन्हींची त्याच शिस्तीत चिरफाड आहे. तर्कशास्त्र विद्वानांपुरतंच, म्हणणाऱ्यांना तो प्रस्तावनेत विचारतो: चांभार माणसंच ना, मग ते तर्कशास्त्री का नसावेत? कायद्याचा भाग रुक्ष वाटला तर खुशाल पानं उलटा.

‘द आर्केडियन ऱ्हेटरिक’ही 1588 चंच, आकाराने लहान. अलंकार समजावताना ग्रीक, लॅटिन, इंग्रजी, इटालियन, फ्रेंच आणि स्पॅनिश अशा सहा भाषांतले उतारे दिलेत. गंमत म्हणजे सिडनीची ‘आर्केडिया’ आणि स्पेन्सरची ‘फेअरी क्वीन’ दोन्ही 1590 मध्ये छापून आली. फ्रॉन्सने त्यांतले उतारे आधीच दिले होते. हस्तलिखितं कुणाकुणाच्या हाती फिरत होती, याचा हा पुरावाच. पण सलग वाचायला हे पुस्तक नाही, अधूनमधून चाळायला आहे.

राहिली कविता. थॉमस वॉटसनच्या लॅटिन ‘अमिंतास’चं भाषांतर त्याने 1587 मध्ये काढलं, वॉटसनचं नाव न घेता. 1591 च्या ‘आयव्हीचर्च’मध्ये मात्र तो सांगून टाकतो की टासोचं इटालियन आणि वॉटसनचं लॅटिन काव्य थोडं बदलून दोन्हींचं एक इंग्रजी काव्य केलं. अडचण छंदाची. लघु-गुरूंचा हिशोब मोरोपंतांच्या आर्या वाचलेल्यांना परका नाही, पण इंग्रजी आघातावर चालते. तिच्यावर लॅटिनचं माप लादलं की ओळ अडखळते. दहा-पंधरा ओळी मोठ्याने वाचून बघा. जीभ अडली तर सोडा, रंगत वाटली तर पुढे जा. छंदशास्त्राच्या अभ्यासकाने मात्र ‘आयव्हीचर्च’ टाळू नये, कारण त्या काळी इंग्रजीला प्राचीन छंदात बसवायचा प्रयत्न इतक्या चिकाटीने फार थोड्यांनी केला.