स्टीलचा पाच लिटरचा कुकर आणि तीन भांडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कुकर पाच लिटरचा, स्टीलचा, उभट, बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा. तळाला स्टीलच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती. सोबत एकावर एक बसणारी तीन भांडी, एक ताटली आणि तळाची जाळी. वापर चार माणसांच्या घरात, दिवसातून एकदा तरी, बहुतेक वेळा पाइप गॅसवर आणि अधूनमधून इंडक्शनवर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे लिहिलेलं बहुतेक सगळं या बांधणीच्या कुठल्याही कुकरला लागू पडतं.

आधी जाहिरातीतल्या दाव्याचं बघू. 'दहा मिनिटांत पूर्ण जेवण' हे खोटं आहे. तीन भांडी भरून कुकर लावला की मधल्या शेगडीवर प्रेशर यायलाच नऊ ते अकरा मिनिटं जातात, मग शिजायला आठ, आणि वाफ जिरायला आणखी दहा. म्हणजे अर्धा तास. पण या अर्ध्या तासात कुकरजवळ यावं लागतं ते फक्त दोनदा, शिट्टी ठेवायला आणि गॅस बारीक करायला. बाकीच्या वेळात पोळ्या होतात, कोशिंबीर होते, फोडणीची तयारी होते. दोन शेगड्यांच्या ओट्यावर एका शेगडीत वरण, भात आणि भाजीचे बटाटे उरकतात, हा खरा फायदा. तो वेळेपेक्षा जागेचा जास्त आहे, आणि मुंबईतल्या स्वयंपाकघरात जागेची किंमत वेगळी सांगायला नको.

आता रोजचा कुकर. वाटी म्हणजे १५० मिलीची. एक वाटी तूरडाळ धुऊन वीस मिनिटं भिजवायची, पाणी काढून टाकायचं, दोन वाट्या गरम पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि चार थेंब तेल घालायचं. तेलाने डाळ कमी फेसाळते. तरी भांडं दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरायचं नाही, नाहीतर फेस तळच्या पाण्यात उतरतो आणि तिथून शिट्टीच्या नळीत जातो. दीड वाटी कोलम धुऊन त्यात तीन वाट्या पाणी. तांदूळ नवा असेल तर पाव वाटी कमी. कुकरमधल्या भांड्यातून पाणी फारसं उडत नाही. पातेल्यातल्या भाताचं प्रमाण इथे जसंच्या तसं लावलं की भात गिजगोळा होतो. तिसऱ्या भांड्यात मध्यम आकाराचे चार बटाटे, सालासकट, अर्धे कापून.

क्रम: तळाला जाळी आणि दोन वाट्या पाणी, त्यावर डाळ, मध्ये भात, वर बटाटे आणि सगळ्यात वर ताटली. तळचं पाणी उकळायला लागलं की खालच्या भांड्याला उष्णता आधी आणि जास्त वेळ मिळते, म्हणून डाळ खाली. वरची ताटली चुकवू नये. झाकणाला लागलेली वाफ गार होऊन थेंबाथेंबाने वरच्या भांड्यात पडते. घाईत भाताचं भांडं वर ठेवलं आणि ताटली विसरली की भात वरून पाणचट आणि खालून बरा, असा निघतो.

शिट्टी लगेच ठेवायची नाही. नळीतून वाफेची सरळ, जोरदार धार आली की मगच ठेवायची. आत हवा अडकली असेल तर प्रेशर आल्यासारखं वाटतं, पण आतलं तापमान तेवढं चढत नाही, आणि भांड्यांच्या फटींत हवा जास्तच अडकते. 'तेवढ्याच शिट्ट्या दिल्या तरी डाळ कच्ची राहिली' या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण.

दुसरं कारण शिट्ट्या मोजणं हेच. पूर्ण प्रेशरला आतलं पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं आणि शिट्टी उडते ती फक्त जास्तीची वाफ बाहेर टाकायला. मोठ्या गॅसवर चार शिट्ट्या तीन मिनिटांत होतात, बारीक गॅसवर त्याच चार व्हायला दहा मिनिटं लागू शकतात. डाळीला शिट्ट्या कळत नाहीत, मिनिटं कळतात. म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून घड्याळ लावायचं. भिजवलेल्या तूरडाळीला आठ मिनिटं, न भिजवलेलीला बारा, मूगडाळ किंवा मसूरडाळीला पाच. आठ महिन्यांत या कुकरने शिकवलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे, आणि ती सोबत आलेल्या पुस्तिकेत नाही. त्यात पानभर शिट्ट्यांचा तक्ता आहे.

मिनिटांचा हिशोब धरला की जोड्या आपोआप ठरतात. कोलम आठ मिनिटं सोसतो, म्हणून तुरीच्या वरणाच्या दिवशी कोलम. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर आठ मिनिटांत गोळा होतो, म्हणून त्या दिवशी मुगाचं वरण आणि पाच मिनिटं. तूर आणि इंद्रायणी एकत्रच हवी असेल तर डाळ तासभर भिजवा आणि भाताला पाणी दीडपटच ठेवा. भाजीचंही तसंच. दुधी, लाल भोपळा दोन-दोन इंचांच्या फोडी करून ठेवले तर टिकतात. लहान फोडींचा लगदा होतो. फ्लॉवर, फरसबी यांनी कुकरच्या भांड्याकडे फिरकूच नये, त्यांना कढईच बरी.

वाफ आपोआप जिरू द्यायची. घाईने चमच्याने शिट्टी उचलली की आतलं प्रेशर एकदम उतरतं, डाळ उसळी मारते आणि वरण भाताच्या भांड्यात जातं. शिवाय भाताची शितं फुटतात ती वेगळीच. झाकण उघडल्यावर डाळ गरम असतानाच घोटावी. साध्या वरणाला मीठ, सुपारीएवढा गूळ आणि वरून तूप. आमटी करायची तर दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, मग डाळ, दीड चमचा गोडा मसाला, तीन आमसुलं, गूळ आणि पाच मिनिटं उकळी. आमसूल, चिंच, टोमॅटो कुकरमध्ये डाळीबरोबर घालायचे नाहीत. आंबटाने डाळीच्या पेशी घट्ट राहतात आणि ती मऊ व्हायला जास्त वेळ घेते. टोमॅटो घालून डाळ लावायची आणि मग डाळीलाच नावं ठेवायची, हे बऱ्याच घरांत चालतं.

पाण्याचाही भाग आहे. मुंबई महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणांतून येतं. ते मऊ असतं आणि त्यात डाळ पटकन शिजते. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी आलं की तीच डाळ, तेवढीच मिनिटं, तरी कचकचीत. पाण्यातल्या कॅल्शियमने असं होतं. अशा वेळी दोन-तीन मिनिटं वाढवावी आणि निदान डाळ भिजवायला तरी पिण्याचं पाणी वापरावं. तळाला पांढरे डाग पडायला लागले की पाणी बदललंय हे कळतंच. पाण्यात अर्धं लिंबू पिळून पाच मिनिटं उकळलं की डाग जातात.

भांड्यांशिवाय, थेट कुकरमध्ये शिजवण्याबद्दल मत थोडं वेगळं आहे. मुगाच्या खिचडीला एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ आणि साडेचार वाट्या कढत पाणी, प्रेशर आल्यावर बारीक गॅसवर पाच मिनिटं. मसालेभाताला तांदळाच्या दुप्पट कढत पाणी आणि चार मिनिटं. चव चांगली येते, पण स्टीलला तळाशी लागायची खोड आहे. ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये आच सगळीकडे पसरते, इथे चकतीपुरतीच पसरते आणि बाजूच्या भिंती मागे राहतात. उपाय दोन: फोडणीत मसाला परतून झाला की थोडं पाणी घालून तळ उलथन्याने खरवडून मोकळा करायचा, आणि पुढचं पाणी कढतच घालायचं. गार पाणी घातलं की प्रेशर येईपर्यंतच्या पाच-सात मिनिटांत तांदूळ तळाशी बसतो आणि तिथेच करपतो. मसालेभातात तोंडली घालणार असाल तर उभी चार फाकी करा, पातळ चकत्या विरून जातात.

कडधान्यांना कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरायचा नाही. मोड आलेली मटकी, मूग: पहिली शिट्टी होऊ लागली की गॅस बंद, बाकीचं काम आतली वाफ करते. पाच तास भिजवलेली चवळी पाच मिनिटं. रगड्याचे पांढरे वाटाणे रात्रभर भिजवून बारा ते पंधरा. छोले, राजमा वीस. कडवे वाल मात्र कढईतच, झाकणावर पाणी ठेवून. बिरड्याचा दाणा अख्खा राहिला पाहिजे आणि कुकरला तेवढी नजाकत नाही. मासे तर नाहीच नाही. ब्रॉयलर चिकनला पाच मिनिटं पुरतात, गावठी कोंबडीला वीस.

शिट्टी काढून हाच कुकर मोदकपात्राचंही काम करतो. अळुवडीचे उंडे वीस मिनिटं, ढोकळा पंधरा. तळाला तीन वाट्या पाणी घ्यायचं, आणि शिट्टी काढून ठेवलीय याची खात्री करून मगच कणीक मळायला वळायचं.

इंडक्शनवर हा कुकर चालतो, तळाला चुंबक चिकटतो. १२०० ते १४०० वॉटवर प्रेशर गॅसपेक्षा लवकर येतं. अडचण पुढे येते. स्वस्तातल्या इंडक्शन शेगड्या कमी वॉटवर सलग तापत नाहीत, थांबून थांबून तापतात. त्यामुळे प्रेशर खालीवर होत राहतं आणि मिनिटांचा हिशोब बिघडतो. तिथे दोन मिनिटं जास्त धरावी. आणि इंडक्शनवर रिकामा कुकर कधीही तापवू नये. तळचं पाणी आटलं तर तळ निळसर पडतो, फुगतो, आणि चकती सुटली की कुकर भंगारात. मोठ्या गॅसवर शिट्ट्या होऊ देणाऱ्यांकडे हे जास्त होतं, कारण प्रत्येक शिट्टीबरोबर तळचं पाणी कमी होत असतं. वीस मिनिटांच्या छोल्यांना, ते भांड्यात लावले असतील तर, तळाला तीन वाट्या पाणी हवंच.

आता जे बिघडलं ते. सहाव्या महिन्यात रबर सैल झालं, झाकणाच्या कडेने वाफ जायला लागली आणि प्रेशर यायला पंधरा मिनिटं लागू लागली. रबर दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवलं की आकसतं आणि त्या दिवसाचं भागतं, पण तो इलाज नव्हे. नवं रबर कुकरच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतं, ते आणावं. झाकण लावून कुकर फडताळात ठेवायची सवय असेल तर रबर लवकर दबतं आणि वासही धरतं. झाकण उलटं, मोकळं ठेवावं. रबराला गरम मसाल्याचा वास बसतो तो साबणाने जात नाही. ज्या घरात रविवारी मटण आणि सोमवारी खीर असते, तिथे दोन रबरं ठेवलेली बरी.

मुठीचे स्क्रू तीन महिन्यांत ढिले झाले. पाना फिरवला, काम झालं. पण मूठ हलतेय हे कळल्यावरही तसाच भरलेला कुकर उचलणं हा शहाणपणा नव्हे.

सेफ्टी व्हॉल्व्ह एकदाही उडाला नाही. उडतो तो बहुतेक वेळा नळी तुंबल्याने किंवा पाणी आटल्याने. नळी रोज उजेडाकडे धरून आरपार बघायची, डाळीचं साल अडकलं असेल तर सुईने काढायचं. व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली तर त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा घ्यावा. गल्लीतल्या कुकर-मिक्सर दुरुस्तीवाल्याकडे 'सगळ्यांना बसतो' असा मिळतो, तो नको. तो किती प्रेशरला उडेल याचा भरवसा कोण देणार?

विकत घ्यायला जाणार असाल तर आधी आयएसआय शिक्का आणि त्याच्याजवळ आयएस २३४७ हा क्रमांक बघा. घरगुती कुकरसाठी तो सक्तीचा आहे. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर घेऊ नका असं नाही, पण भांडी लावून शिजवायचं असेल तर त्याचं निमुळतं तोंड रोज सांडशीशी भांडायला लावतं. तीन माणसांपर्यंत तीन लिटर पुरतो, पण त्यात दोनच भांडी बसतात. भांडी कुकरबरोबर मिळाली नाहीत तर मुंबईत भुलेश्वर किंवा तांबाकाट्याच्या बाजारात सुटी मिळतात. जाताना कुकर बरोबर न्या, किंवा आतला व्यास आणि उंची मोजून न्या. तिन्ही भांडी आणि ताटली एकावर एक ठेवून झाकणाच्या नळीखाली दोन बोटं जागा उरली पाहिजे. त्याच फेरीत एक जादा रबर आणि एक शिट्टी घेऊन ठेवा, कारण रबर सैल होतं ते नेमकं पाहुणे जेवायला असतात तेव्हा.