सेकंडहँड मरीन टाकी: संपवाली घ्यावी की ऑल-इन-वन?

समुद्रघोडे पाळायचे म्हणून जुनी टाकी शोधत असाल, तर आधी तो बेत सोडा. मीही त्याच वेडापायी यात पडलो होतो. पण २००१ पासून आपल्याकडे समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. कुणी 'आणून देतो' म्हणालं तरी नको म्हणा. मी टाकीतच पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी आणली आणि आता तिच्यातच जीव गुंतलाय.

टाकी मात्र दोनदा घेतली. पहिली वाकडहून टेम्पोत आणलेली तीन फुटी, खाली कपाटात संप, म्हणजे वरचं पाणी जिथे उतरतं आणि पंपानं परत वर जातं ती फिल्टरची दुसरी टाकी. दुसरी सत्तर-ऐंशी लिटरची ऑल-इन-वन, फिल्टरचे कप्पे मागच्या बाजूलाच.

पाण्याच्या दृष्टीनं संपवाली उजवीच. पाणी जास्त, त्यामुळे एखादी चूक पोटात घालते. स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारं यंत्र), हीटर सगळं खाली दडतं. उन्हाळ्यात चिलर जोडायचा तर तोही सहज बसतो. घरात जागा आणि दिवसभर कुणीतरी माणूस असेल, तर मी तुम्हाला अडवणार नाही.

माझं बिनसलं ते गुरुवारी. आमच्याकडे लाइट हमखास जाते ती गुरुवारीच. पंप थांबला की वरचं पाणी रिटर्न पाइपातून, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळीतून, उलटं खाली ओढलं जातं. ती ओढ तोडायला पाइपाला पाण्याच्या रेषेलगत बारीक भोक असतं. माझ्या पाइपाचं भोक शेवाळानं बुजलं होतं. संध्याकाळी कुलूप उघडलं तर चपला ओल्या, कपाटाचं प्लाय तळाशी फुगलेलं, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातच उभ्या. त्यांच्या छतावर मिठाचा पांढरा डाग कितीतरी दिवस दिसायचा. भोक दर महिन्याला टूथपिकनं साफ केलं तर हे होत नाही, हे खरं. पण त्यानंतर दर गुरुवारी ऑफिसात माझं लक्ष घरीच असायचं.

ऑल-इन-वनमध्ये सगळं पाणी एकाच काचेत. लाइट गेली तर पाणी जागच्या जागी थांबतं. अर्थात तिचे हट्ट वेगळे. एप्रिलमध्ये वर पंखा लावला की पाणी भराभर उडतं, मागच्या कप्प्यातली पातळी उतरते आणि पंप हवा खाऊन बुडबुडे सोडतो. म्हणून रोज रात्री तांब्या-दीड तांब्या आरओचं साधं पाणी घालतो. मिठाचं नाही, कारण मीठ काही उडून जात नाही. हे काम मला जाचत नाही, पण तुम्ही वरचेवर गावाला जात असाल तर विचार करा.

कुठलीही घ्या, आधीच्या मालकाला एक प्रश्न नक्की विचारा: माशांच्या रोगावरचं तांब्याचं (कॉपरचं) औषध कधी वापरलं होतं का? ते सिलिकॉनमध्ये आणि दगडात मुरून बसतं, आणि पुढे कोळंबी, प्रवाळ तगत नाहीत. जुनी वाळू आणू नका. दगड मात्र त्याच खाऱ्या पाण्यात बुडवून आणा.

आणि संपवालीच मनात भरली असेल, तर विकणाऱ्याच्या घरीच पंप बंद करायला सांगा आणि पाणी पूर्ण थांबेपर्यंत संपसमोर बसून राहा. काठाखाली चार बोटं जागा उरली नाही, तर टेम्पो बोलावू नका.