आम्ही विकणारे होतो, तरी पैसे आमचेच गेले

जुनी वस्तू ऑनलाइन विकायला काढली की बहुतेकांना वाटतं, धोका असेल तर तो घेणाऱ्याला. वस्तू आपल्या घरात आहे, पैसे आल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही, मग आपलं कोण काय नेणार? आम्हाला फसवणाऱ्या माणसाने नेमकं हेच हेरलं होतं. फ्रीजर आमच्या दुकानात जागच्या जागी होता आणि अण्णांच्या पेन्शनच्या खात्यातून २९,००० रुपये गेले. साताऱ्यातल्या, विशेषतः माजी सैनिकांच्या घरांपर्यंत हे पोचावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

अण्णा म्हणजे माझे सासरे. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गोडोलीत छोटी डेअरी टाकली. दूध, दही, खवा, सणासुदीला कंदी पेढे. पुढे गुडघ्यांनी साथ सोडली, माझे मिस्टर नोकरीमुळे पुण्यात, तेव्हा दुकान बंद करायचं ठरलं. मागे राहिलं सामान: चारशे लिटरचा डीप फ्रीजर, काचेचं शोकेस, इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, दुधाचे कॅन आणि खवा आटवायची मोठी कढई. जुनं सामान घेणाऱ्याने फ्रीजरचे सहा हजार सांगितले आणि कढई किलोवर मागितली. ज्या फ्रीजरचा कॉम्प्रेसर नुकताच बदलून घेतलाय तो सहा हजारांत द्यायचा, हे कुणालाच पटेना. म्हणून मी फोटो काढले आणि जुन्या वस्तूंच्या फुकट जाहिराती जिथे टाकता येतात अशा ठिकाणी १४,५०० किंमत लावून टाकले. साइटचं नाव मी घेत नाही, कारण ही माणसं एका जागी बसलेली नसतात. जिथे विकणारा आहे तिथे ती असतात.

जाहिरातीत अण्णांचा नंबर होता. थोड्याच वेळात फोन आला. हिंदी बोलणारा, अतिशय अदबशीर आवाज. पोस्टिंग पुण्यात खडकीला आहे, मेससाठी फ्रीजर हवाय, आर्मीची गाडी येऊन घेऊन जाईल. कंपनी कोणती, किती साली घेतला, गॅस कधी भरला, एक प्रश्न नाही. भावही केला नाही. आपल्याकडे मेथीची जुडी घेतानासुद्धा माणूस दोन रुपये कमी करायला लावतो. साडेचौदा हजारांचा जुना माल न बघता, न विचारता, सांगितलेल्या किमतीला घेणारा गिऱ्हाईक नसतो. पुढे लिहिलेलं काहीच लक्षात राहिलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा.

बोलता बोलता अण्णांनी सांगितलं की मी पण फौजेतला आहे. तिथून त्याचा सूरच बदलला. ‘जय हिंद सर, आप तो हमारे सीनियर निकले.’ अण्णांनी साहजिकच युनिट विचारलं. तो म्हणाला, ‘सर, आप तो जानते हो, फोन पर यूनिट नहीं बता सकते.’ हे उत्तर अण्णांना पूर्ण पटलं, कारण खरा जवानही हेच सांगेल. मग व्हॉट्सॲपवर आयकार्डाचा फोटो, कॅन्टीन कार्डाचा फोटो आणि वर्दीतला एक फोटो आला. पाठोपाठ गेट पास करायला म्हणून त्याने अण्णांचं माजी सैनिकाचं ओळखपत्र आणि आधार मागवून घेतलं.

हा जिल्हा कुठल्या मातीचा आहे हे वेगळं सांगायला नको. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आपल्याकडे आहे, जिथे घरटी माणूस सैन्यात जातो. देशातली पहिली सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. इथे वर्दीचं नाव घेतलं की माणूस शंका घ्यायला लाजतो. एखाद्या जवानाला ‘तू खरा कशावरून’ असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान, असं अण्णांच्या पिढीला वाटतं. या चोरांना हे माहीत आहे. म्हणून ते बिल्डर किंवा डॉक्टर असल्याचं न सांगता जवान असल्याचं सांगतात, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

पैशांचा विषय निघाल्यावर त्याने सांगितलं की आर्मीचं पेमेंट आपल्यासारखं होत नाही, ते अकाउंट सेक्शनमधून होतं. आधी तुम्ही पाच रुपये पाठवा, खातं जुळतंय का ते बघतो, मग दहा येतील. पाच पाठवले. खरंच दहा आले. मग माझ्या फोनवर क्यूआर कोड आला. वर तिरंगा, मधे कोड, खाली इंग्रजीत ‘रिसीव्ह १४,५००’. माझ्या फोनवरचा कोड अण्णांच्या फोनने स्कॅन करायचा होता. ‘पिन डालिए सर, तभी पैसा खाते में उतरेगा.’ फोन ठेवू देत नव्हता. गाडी निघालीय, ड्रायव्हर गेटवर उभा आहे, साहेब विचारतायत, असं सतत काही ना काही चालू. पिन टाकला आणि साडेचौदा हजार कमी झाल्याचा मेसेज आला.

त्यावर तो आमच्यापेक्षा जास्त घाबरल्यासारखा झाला. ‘सर, सिस्टम में एरर आ गया, मैं अभी रिफंड का कोड भेजता हूँ.’ गेलेले पैसे परत येणार म्हटल्यावर माणसाचा हात थांबत नाही, उलट घाई करतो. दुसरा कोड स्कॅन झाला, आणखी साडेचौदा हजार गेले. तिसरा कोड २९,००० चा होता, म्हणे दोन्ही रकमा एकदम परत. तो स्कॅन झाल्यावर माझं लक्ष अण्णांच्या स्क्रीनकडे गेलं. वर भलत्याच माणसाचं नाव होतं आणि खाली बटणावर ‘पे’. मी म्हटलं, ‘अण्णा थांबा, पिन टाकू नका, हे पाठवायचं बटण आहे.’ फोन कट केला. तो परत आला तेव्हा आवाजातली अदब गेलेली होती. आर्मीचं काम अडवलं म्हणून केस करीन, पोलीस पाठवीन. अण्णांनी एवढंच सांगितलं, ‘वर्दी का नाम मत ले,’ आणि नंबर ब्लॉक केला.

आता यातलं यंत्र समजून घ्या. क्यूआर कोडमध्ये काय असतं? पैसे ज्याला जायचे त्याचा यूपीआय पत्ता, त्याचं नाव आणि हवी तर आधीच भरलेली रक्कम. बस्स. कोडच्या वर-खाली जे लिहिलेलं असतं, तिरंगा असो, बँकेचं चिन्ह असो की ‘रिसीव्ह’ हा शब्द, ते नुसतं चित्र आहे. मोबाइलवर कुणीही बनवतो. कोड स्कॅन करणारा नेहमी पैसे देणारा असतो. आणि यूपीआय पिन लागतो तो पैसे पाठवायला किंवा शिल्लक बघायला. पैसे यायला पिन लागत नाही, स्कॅन लागत नाही, काहीच करावं लागत नाही. सुरुवातीचे दहा रुपयेसुद्धा पिन न टाकताच आले होते.

पूर्वी हेच काम कलेक्ट रिक्वेस्टने व्हायचं. समोरचा पैसे ‘मागायचा’ आणि विकणारा पैसे आले समजून मंजूर करायचा. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय बंद केली. क्यूआर बंद करता येत नाही, अख्खा बाजार त्यावर चालतो. त्यामुळे ती वाट अजून उघडी आहे.

फोन कट केल्यावर लगेच १९३० ला लावला. हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. लाइन लागायला वेळ लागला तरी सोडू नका, लावत राहा. तिथे खातं कोणत्या बँकेचं, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख नंबर विचारतात. तो यूपीआय ॲपच्या हिस्टरीत बारा आकडी असतो, आधीच लिहून ठेवा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार भरली, स्क्रीनशॉट जोडले आणि पोचपावतीचा क्रमांक घेऊन साताऱ्यात सायबर पोलिसांकडे लेखी अर्ज दिला. पहिल्या काही तासांना एवढं महत्त्व का, तर चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पाठवतो किंवा एटीएममधून काढतो. १९३० ची तक्रार बँकेकडून बँकेकडे त्या पैशांच्या मागे जाते आणि वाटेत जे शिल्लक सापडेल ते अडवून ठेवते. आमच्या दुसऱ्या रकमेतला काही भाग असा अडकला. तो परत मिळावा म्हणून केलेला अर्ज चालू आहे. पहिल्या रकमेचं काहीच हाती लागलं नाही.

बँकेतही लेखी कळवलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ग्राहकाला संरक्षण आहे, पण ते मुख्यतः ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. पिन खातेदारानेच टाकला असेल तर बँक हात वर करते. गुन्हा म्हणून मात्र हे प्रकरण लहान नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड, म्हणजे संगणक किंवा मोबाइल वापरून दुसराच कुणी असल्याचं भासवून फसवणं, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहेच. रक्कम कमी आहे म्हणून किंवा लाज वाटते म्हणून तक्रार टाळू नका. एकेक तक्रार जोडली जाते तेव्हाच ती खाती आणि ते नंबर बंद पडतात.

लाजेबद्दल एक सांगायलाच हवं. अण्णा त्यानंतर जेवायलाही नीट बसत नव्हते. त्यांना पैशांपेक्षा जास्त लागलं ते फौजीच्या नावाने फसवलं गेल्याचं. घरात असं झालं तर म्हाताऱ्या माणसाला ‘एवढं कसं कळलं नाही’ असं कृपा करून बोलू नका. समोरचा दिवसभर हेच काम करतो, आणि आपला माणूस आयुष्यात पहिल्यांदा फ्रीजर विकत असतो.

तक्रार केल्यावरही सावध राहावं लागलं. साइटच्या कस्टमर केअरचा नंबर मी गुगलवर शोधला, तर पहिल्याच नंबरवरच्या माणसाने फोनमध्ये स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं. तोही चोरच. तक्रार करायची ती साइटच्या ॲपमधूनच. आमचे पैसे काढून देतो, आधी फी भरा, असे मेसेजही आले.

ओळखीतल्या आणखी दोघांचं ऐकलं म्हणून लिहिते. कोरेगावच्या एकाने जुनी सायकल विकायला काढली होती. त्याला खात्यात जास्त पैसे आल्याचा मेसेज आला आणि लगेच फोन, चुकून दहा हजार जादा गेले, परत करा. मेसेज बँकेचा नव्हताच, साध्या मोबाइल नंबरवरून टाइप केलेला होता. मेसेजवर जाऊ नका, बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघा. दुसऱ्याने जुना मोबाइल विकला, पैसे खरोखर आले, पण ते कुठल्या तरी फसवणुकीतले निघाले आणि त्याचंच खातं बँकेने गोठवलं. म्हणून वस्तू घेणाऱ्याच्याच नावाच्या खात्यातून पैसे येतायत का ते पाहा, आणि वस्तू, तारीख, नाव, रक्कम लिहिलेली सहीची साधी पावती करून ठेवा. फोन विकत असाल तर बिलाची प्रत जोडा आणि आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबरही त्यात लिहा.

फ्रीजर नंतर विकला, आणि ऑनलाइन जाहिरातीवरूनच. या वेळी नंबर लपवला आणि बोलणं आधी साइटच्या चॅटवर केलं. घेणारा वाढे फाट्याकडचा, आइसक्रीमची गाडी चालवणारा. आला, फ्रीजर चालू करायला लावला, अर्धा तास बसून राहिला, आत हात घालून बघितलं, कॉम्प्रेसरला कान लावला, झाकणाचं रबर एका बाजूला सैल आहे हे दाखवलं आणि साडेचौदावरून बारा हजारांवर आणलं. निम्मे रोख दिले. निम्मे आमच्या काउंटरवरचा दुकानाचा क्यूआर त्याने स्कॅन करून पाठवले, आणि खात्यात दिसल्यावरच टेम्पोत फ्रीजर चढला. शोकेस आणि वजनकाटा अजून आहेत. बघायला या, मग बोलू, असंच सगळ्यांना सांगतो. जो यायलाच तयार नाही त्याच्याशी पुढे बोलत नाही.

एक काळजी मात्र अजून आहे. त्या माणसाने पाठवलेलं आयकार्ड इथे टाका म्हणून पुष्कळांनी सांगितलं. मी ते टाकलेलं नाही. अशी कार्डं अनेकदा खऱ्या जवानांची असतात, आमच्याकडून अण्णांचं मागवून घेतलं तसंच त्यांच्याकडूनही कधीतरी घेतलेलं असतं. फोटो फिरला तर बदनामी त्या जवानाची होईल. तो फोटो फक्त पोलिसांकडे दिला आहे. आणि अण्णांचं माजी सैनिकाचं ओळखपत्र आता त्या टोळीच्या हातात आहे, हे अर्जात वेगळ्या परिच्छेदात लिहून त्यावर पोलिसांचा शिक्का घेतला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयालाही त्याची प्रत दिली. गोडोलीचा निवृत्त हवालदार म्हणून सांगत, ते कार्ड दाखवून तुमच्याकडे कुणी फ्रीजर, सोफा, गाडी काहीही मागितलं आणि पैशांसाठी कोड पाठवला, तर तो माणूस अण्णा नव्हे. लगेच १९३० ला कळवा.