जुन्या बोर्डावर नवा संसार: आठ महिन्यांनंतर

मे महिन्यात पीसी उघडला, आता जानेवारी संपत आला. मध्ये अख्खा बेळगावी पावसाळा गेला. म्हणजे आता लिहायला हरकत नाही.

आधी काय होतं ते सांगतो. २०१७ च्या शेवटी जोडलेला डबा: रायझन ३ १२०० प्रोसेसर, बी३५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि कुरकुरणारी हार्ड डिस्क. मी दिवसा उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम करतो, रात्री जेवणं आटोपली की दोन तास खेळतो. काउंटर-स्ट्राइक २ या गेममध्ये सेकंदाला ५० फ्रेमवर गाडी लंगडत चालायची, कुणी धुराचा बॉम्ब टाकला की २५ वर बसायची. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता, आणि विंडोज ११ च्या यादीत १२०० बसत नाही. सगळा सेट नवा घ्यायचा तर बायकोला काय सांगायचं हा वेगळाच प्रश्न.

तेवढ्यात अक्काचा मुलगा सुट्टीला आला. अक्का वीस वर्षं सिंगापूरला आहे. तिथं नागरिकांच्या मुलग्यांना आणि कायम रहिवाशांच्या दुसऱ्या पिढीतल्या मुलग्यांना (मुलींना नाही) दोन वर्षं सैन्यात काढावीच लागतात, १९६७ पासूनचा नियम आहे. भाच्याची दोन वर्षं मार्चमध्ये संपली, कॉलेज ऑगस्टला सुरू होणार, म्हणून तो टिळकवाडीला आज्जाकडे आला. आणि आज्जा म्हणजे आमचे आप्पा, मराठा लाईट इन्फंट्रीतले निवृत्त हवालदार. बेळगावात त्यांच्या रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर आहे, कॅम्पात गेलं की आप्पांची चाल आपोआप बदलते.

पहिल्याच संध्याकाळी दोघांची जुंपली. आप्पा म्हणाले, "आमच्या इथली पोरं भरतीसाठी पहाटे चारला उठून पळतात की रे. साडेपाच मिनिटांत १६०० मीटर मारायचं म्हणून पायाला फोड येईस्तोवर. आणि तुमच्यात धरून नेतात?" भाचा शांतपणे म्हणाला, "आज्जा, इथं जाणाऱ्याला जायचंच असतं. आम्हाला पत्र येतं." मग त्यानं सांगितलं: पहिले नऊएक आठवडे तेकोंग नावाच्या बेटावर, बाटलीभर पाणीसुद्धा रांगेत उभं राहून हुकमानं प्यायचं. बरोबरच्या मुली तेवढ्यात दोन वर्षं पुढं निघून गेल्या, हे त्याला अजून टोचतं. कवायतीचे हुकूम मलय भाषेत, सावधानला 'सेदिया'. आप्पांनी तो शब्द लगेच उचलला. आता दूधवाल्यालाही सेदिया म्हणतात.

तर पीसी. भाच्याचं पहिलं म्हणणं असं की कार्डाकडं धावू नका, आधी बोर्ड काय काय घेतो ते बघा. एएम४ सॉकेटचं (म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसर बसायच्या जागेचं) हेच बरं आहे. कंपनीच्या पानावर बघितलं तर आमच्या २०१७ च्या बोर्डाला नवीन बायोस (बोर्डाचं स्वतःचं, पीसी चालू करणारं सॉफ्टवेअर) टाकून रायझन ५ ५६०० चालतो. मग यादी झाली: ५६०० ला ९,६००, आरएक्स ६६०० कार्डाला २०,४००, ८-८ जीबीच्या रॅमच्या जोडीला २,९००, हार्ड डिस्कऐवजी १ टीबीची वेगवान एनव्हीएमई एसएसडी ५,२०० आणि ५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ४,३००. एकूण ४२,४००. दिवाळीनंतर रॅमचे भाव भडकले, तेव्हा तेवढं एक नशीब.

एसएमपीएसवर लोक हात आखडता घेतात. मीही घेतला होता, जुना कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. १०५० टीआय ७५ वॅटची, तिला वेगळी वायर लागायची नाही. ६६०० ला १३२ वॅट आणि ८ पिनची वायर लागते, ती जुन्यात नव्हतीच.

बायोस मात्र जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बदलायचा, आणि मध्येच लाईट गेली तर बोर्डाचा दगड. मे महिना, दुपारनंतर वळीव ठरलेला. म्हणून पहाटे साडेपाचला बसलो. भाच्यानं माझ्या आईला मिक्सर लावायचा नाही असं बजावलं आणि आप्पांना मेन स्विचपाशी खुर्ची टाकून बसवलं. आप्पा पंधरा मिनिटं खरोखर पहाऱ्यावर होते, चहासुद्धा तिथंच. आमच्या बोर्डाला एकदम शेवटची आवृत्ती चालत नव्हती, आधी मधली टाकायची, मग शेवटची. हे पानावर लिहिलेलं असतं, वाचा.

पुढची चूक माझी. कूलर सरळ वर ओढला. आठ वर्षांची पेस्ट वाळून डिंक झालेली, कूलरला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून आला आणि दोन पिना वाकल्या. आधी दहा मिनिटं गेम चालवून तो गरम करायचा आणि कूलर हलकेच पिळून मग उचलायचा, हे भाचा सांगत होता तोवर प्रोसेसर माझ्या हातात होता. नशीब, जुनाच होता. भाच्यानं टॉवेल पसरून स्क्रू काढतील त्या क्रमानं मांडले होते, आप्पा बघत बसले. "रायफल अशीच उघडतात," एवढंच म्हणाले, आणि आत जाऊन चष्मा आणि शिसं काढलेली क्लच पेन्सिल घेऊन आले. तिच्या नळीत एकेक पीन घालून त्यांनी दोन्ही सरळ केल्या. सत्तर ओलांडलेल्या माणसाचा हात जराही हलला नाही.

नवीन प्रोसेसर बसवून चालू केलं तर काळ्या पडद्यावर टीपीएम (कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग) नव्यानं करू का, वाय की एन, असा प्रश्न आला. जुन्या विंडोजला बिटलॉकरचं कुलूप लावलेलं नसेल तर वाय दाबा, घाबरू नका. नवी विंडोज ११ टाकली. टीपीएम आणि सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर घेणारी सोय) दोन्ही चालू लागतात, नाहीतर ११ वर व्हॅलोरंट हा गेम उघडतच नाही.

आता अनुभव. काउंटर-स्ट्राइक २ कमी सेटिंगवर १८० ते २०० च्या आसपास, धुरातही १४० च्या खाली जात नाही. कामाची मोठी ड्रॉइंगं चहा होईपर्यंत उघडायची, आता चहा ठेवायला उठायच्या आत उघडतात. खोटं कशाला सांगू, मला रोजचं सुख कार्डापेक्षा एनव्हीएमईनं जास्त दिलं. प्रोसेसर डब्यातल्याच कूलरवर ७४ डिग्रीपर्यंत जातो. बी३५० वर ६६०० ला पूर्ण वेगाची वाट मिळत नाही, पण १०८० पी रिझोल्यूशनला फरक जाणवत नाही. रे ट्रेसिंगचं (खऱ्यासारख्या उजेड-सावल्यांचं) नाव काढू नका.

पहिले तीन आठवडे मात्र मी स्वतःलाच फसवत होतो. भाचा परत गेल्यावर आम्ही सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळायला लागलो, इथून ७०-८० मिलिसेकंद पिंग (सर्व्हरला निरोप जाऊन यायचा वेळ). एके रात्री स्क्रीन शेअर केली तर तो म्हणाला, "मामा, टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघा." २१३३! बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगानं चालवणारं सेटिंग) चालूच केलं नव्हतं, ३२०० ची रॅम गाढवासारखी चालत होती. चालू केलं आणि मधले झटके गेले.

पावसाळ्यात लाईटनं छळलं. इन्व्हर्टर असूनही लाईट जाताना पीसी बंद पडायचा. जुलैत कळलं की इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटण असतं, ते दाबलेलंच नव्हतं. दाबल्यापासून एकदाही बंद पडला नाही. ओलाव्याचा त्रास नाही, धुळीचा आहे. दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअर मारला. मारताना पंख्याचं पातं बोटानं धरायचं, गरगर फिरू द्यायचं नाही. तक्रार एकच, मॉनिटर अजून ७५ हर्ट्झचाच आहे. दोनशे फ्रेम काढून ७५ बघतोय. पण त्याचे पैसे पुढच्या वर्षी.

जुना १२०० वाया गेला नाही. गल्लीतला एक मुलगा अग्निवीरची तयारी करतोय, लेखी परीक्षा आता संगणकावरच असते. त्यानं सेकंडहँड बोर्ड मिळवला, मी १२००, १०५० टीआय आणि ८ जीबी रॅम दिली, विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून दिलं. सराव परीक्षा ब्राउझरमध्ये मजेत चालतात. पहाटे पळून आला की घामेजल्या अंगानंच बसतो. भाच्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "याला सांगा, माझ्या जागी ये." आप्पांनी ते मुलाला वाचून दाखवलं. तो लगेच म्हणाला, "येतो की, तिकीट काढा."