लेकीची बॅले शाळा : सुतारकाम करणाऱ्या बापाचा अभिप्राय

मी लाकडाचं काम करतो. त्यामुळे लेकीसाठी बॅलेची शाळा शोधायला निघालो तेव्हा माझी नजर भिंतीवरच्या चषकांच्या आधी जमिनीकडे गेली. आता ती काही वर्षं एकाच शाळेत शिकते आहे आणि ओळखीचे पालक सारखे विचारतात, म्हणून जे पाहिलं ते एकदाच सविस्तर लिहितो. शाळेचं नाव देत नाही. नाव दिलं की लेक कुठे जाते हेही उघड होतं, आणि ते मला नको आहे. पण मी जे तपासलं ते कुठल्याही शाळेत तपासता येईल.

जमिनीपासूनच सुरू करतो. बॅलेच्या एका तासात मूल कितीतरी वेळा हवेत जातं आणि प्रत्येक वेळी अंगाचा सगळा भार घेऊन खाली येतं, बऱ्याचदा एकाच पायावर. खाली काँक्रीट असेल तर ते तसूभर दबत नाही. मग तो धक्का नडगी, गुडघा आणि कंबर यांनाच सोसावा लागतो. नडगीचं दुखणं आणि हाडाला पडणाऱ्या बारीक चिरा वाढायला हेही एक कारण असतं. म्हणून चांगल्या शाळेत स्प्रंग फ्लोअर असतो. तळाशी रबराच्या किंवा फोमच्या गाद्या, त्यांवर आडव्या-उभ्या लाकडी पट्ट्या, त्यावर प्लायवूड आणि सगळ्यात वर पाय घसरू न देणारी व्हायनलची चादर. वरचं व्हायनल पाहून समाधान मानू नका. तीच चादर थेट फरशीवर अंथरली तरी दिसायला अगदी तशीच दिसते. टाच जोरात आपटून पाहा. आवाज पोकळ आला आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पायाला हलका हादरा जाणवला, तर खाली पट्ट्या आहेत आणि त्यांना हलायला जागा आहे. खट्ट असा कोरडा आवाज आला तर बोलणं तिथेच थांबवलं तरी चालेल.

या शाळेत मी विचारल्यावर टीचरनी भिंतीलगतची पट्टी उचलून आतली रचना दाखवली. काम नीट होतं. पट्ट्यांमधलं अंतर सारखं होतं, आणि भिंतीशी मोकळी फट ठेवली होती, म्हणजे हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगलं तरी जमीन वर उचलली जाणार नाही. खिडकीजवळ एक सांधा करकरत होता. तो मी दाखवला आणि पुढच्या सुट्टीत दुरुस्त झालेला पाहिला. माझा विश्वास तिथे बसला.

त्याआधी आम्ही दुसरी एक शाळा पाहिली होती. चषकांनी भरलेली भिंत, फरशीवर व्हायनल आणि आठ-नऊ वर्षांच्या मुली पॉइंट शूज घालून बोटांच्या टोकांवर उभ्या. गुडघे वाकलेले, घोटे लटपटणारे. इतक्या लवकर का, असं विचारलं तर उत्तर मिळालं, ‘मुलींनाच हौस असते.’ हौस मुलांना असणारच. तिला थोपवून धरणारं मोठं माणूस तिथे असावं म्हणून तर आपण शाळेत घालतो.

पॉइंटबद्दलच जरा जास्त लिहितो, कारण पालकांची सर्वांत जास्त घालमेल इथे होते. पॉइंट शूजचा पुढचा भाग कापड आणि कागदाचे थर चिकटवून कडक केलेला असतो, तळव्याखाली ताठ पट्टी असते आणि वर सॅटिन. आतला पाय वाढीला लागलेल्या मुलीचा असतो आणि त्याची हाडं अजून पक्की व्हायची असतात. इंटरनॅशनल असोसिएशन फॉर डान्स मेडिसिन अँड सायन्स या संघटनेची मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहे : बारा वर्षांच्या आधी पॉइंट नको. बारा पूर्ण झाली म्हणून बूट घ्यायचे, असाही तिचा अर्थ होत नाही. घोटा पुरेसा ताणला जात नसेल, पोट आणि कंबर कमजोर असेल, किंवा सांधे गरजेपेक्षा जास्त सैल असतील तर आणखी थांबायचं. आठवड्याला एकच तास होत असेल तर पॉइंटच्या नादी लागायचंच नाही.

आमच्या लेकीच्या मैत्रिणीला तिच्या शाळेत हे बूट मिळाले तेव्हा घरात रोज तोच विषय. टीचरनी आम्हा तिघांना बोलावलं आणि आमच्यासमोर लेकीला तपासलं. बार, म्हणजे हाताला आधार देणारा दांडा, सोडून, एका पायावर, गुडघा ताठ ठेवून पुन्हा पुन्हा रलवे, म्हणजे टाच उचलून पावलाच्या पुढच्या भागावर उभं राहणं, करायला लावलं. शेवटच्या काही वेळा टाच किती खाली राहते ते पाहिलं. मग एकाच पायावर उड्या, आणि खाली येताना कंबर कुठल्या बाजूला झुकते याची नोंद. तिचा डावा घोटा दमल्यावर बाहेरच्या बाजूला कलत होता. आता तो मलाही दिसला. टीचर तिच्याकडे वळून म्हणाल्या, ‘तुझा पाय सुंदर ताणला जातो. त्याला उचलून धरणारी ताकद अजून यायची आहे, आणि ती कशी आणायची ते मी तुला शिकवते.’ नुसतं ‘नाही’ म्हणून त्या थांबल्या नाहीत. रबरी पट्टीचे व्यायाम, तळव्याची कमान उचलण्याचे व्यायाम, तोल सांभाळण्याचा सराव, सगळं वहीत लिहून दिलं आणि फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून यायला सांगितलं.

लेक काही दिवस आमच्याशी तुटक बोलत होती. अशा वेळी पालकांच्या मनात येतं की टीचरना पुन्हा विचारून पाहावं, थोडा आग्रह धरावा. बायकोने ठाम सांगितलं की तसं करायचं नाही, कारण आपण आग्रह धरला तर टीचरच्या शब्दाला पुढे किंमत राहणार नाही. त्याऐवजी ती रोज संध्याकाळी लेकीसोबत स्वतः तोल सांभाळायला उभी राहू लागली. मी घरी सरावासाठी लाकडी बार बनवून दिला. त्याची उंची टीचरना विचारून ठरवली : हात बारवर ठेवल्यावर कोपर सैल राहायला हवं आणि खांदा वर उचलला जायला नको. घरच्या कडक फरशीवर उड्या आणि गिरक्या घ्यायच्या नाहीत, प्लिए (गुडघे वाकवणं) आणि तांद्यू (पाऊल जमिनीवरून सरकवत ताणणं) हवे तितके करावेत, हेही त्यांनीच बजावलं.

टर्नआउटच्या बाबतीतही त्यांची हीच शिस्त आहे. पाय बाहेरच्या बाजूला फिरतो तो खुब्यातून. आरशात पावलं 180 अंशांत दिसावीत म्हणून मुलं गुडघा पिळतात आणि पुढे तोच गुडघा धरतो. इथे मुलांना पावलं थोडी आत घ्या असं सांगताना मी अनेकदा ऐकलं आहे.

शाळा रॉयल अकॅडमी ऑफ डान्सचा अभ्यासक्रम शिकवते. ही संस्था 1920 साली लंडनमध्ये स्थापन झाली. शिक्षक तिच्याकडे नोंदणीकृत आहेत का, हे पालकांना तपासता येतं. तपासाच. तिच्या परीक्षांमध्ये आठव्या ग्रेडपर्यंतची एक वाट आहे आणि इंटरमीजिएट फाउंडेशनपासून सुरू होणारी व्यावसायिक तयारीची दुसरी. पहिली पूर्ण केली म्हणजे मूल नर्तक व्हायला तयार झालं, असा अनेक पालकांचा समज असतो. ही शाळा प्रवेशाच्या वेळीच दोन्ही वाटा समजावून सांगते, आणि तयारी नसेल त्या वर्षी मुलाला परीक्षेला बसवत नाही.

वजनाचा विषय वर्गात निघत नाही. लेकीचं अंग आता बदलू लागलं आहे आणि आरशासमोर घट्ट कपड्यांत रोज उभं राहायचं आहे, तेव्हा ही गोष्ट माझ्या लेखी जमिनीइतकीच मोलाची. पुरेसं न खाता कसून सराव केला तर मुलींची पाळी लांबते, हाडं ठिसूळ होतात. टीचरनी हे पालकसभेत, वडिलांसमोरही, न संकोचता सांगितलं. अंगाला हात लावून चूक सुधारायची असेल तर त्या आधी मुलाला विचारतात. दाराला काच आहे, आणि प्रत्येक सत्रात एक आठवडा पालकांना आत बसून तास पाहता येतो.

आता जे खटकतं ते. मुलगे फार थोडे आहेत, आणि त्यांच्या मोठ्या उड्यांचा, हवेतल्या गिरक्यांचा वेगळा तास नाही. तुमचा मुलगा गांभीर्याने शिकणार असेल तर ही शाळा काही वर्षांत कमी पडेल. लहानांच्या वर्गाला रेकॉर्ड केलेलं संगीत असतं, पियानोवादक फक्त मोठ्यांच्या वर्गाला. हा क्रम मला उलटा वाटतो. वादक मुलांचा श्वास पाहून लय थोडी सैल सोडतो, आणि कान तयार होण्याचं वय लहानपणाचंच असतं.

सर्वांत मोठी तक्रार वार्षिक कार्यक्रमाची. त्याआधीचे कित्येक आठवडे बारवरचा सराव आक्रसतो आणि सगळा वेळ जागा लक्षात ठेवण्यात जातो. मागच्या रांगेतली मुलं अर्धा तास नुसती उभी असतात. पोशाखाची यादी इतक्या उशिरा येते की शिवणारे पालक रात्र रात्र जागतात. रंगमंच हवाच, त्याच्याशिवाय नाच शिकण्याला अर्थ नाही. पण अंग न तापवता थेट उड्यांची तालीम घेणं इतक्या काळजीवाहू शाळेला शोभत नाही.

हे सगळं मी शाळेला लेखी कळवलं आहे. पोशाखाची यादी सत्राच्या सुरुवातीलाच देण्याचं त्यांनी मान्य केलं. प्रत्येक तालमीआधी बारचा सराव ठेवण्याबद्दल अजून उत्तर आलेलं नाही. आलं की इथेच जोडेन.